लोरेंझची गाठ

वाइडनफुर्ट,
३ मार्च २०१९

प्रिय लोरेंझ,

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. हॅम्बुर्गला थंडी कमी झाली का? इथे नदी फुगलीय, पण अजून वेशीच्या पायरीखालीच आहे.

गावाला साडेसातशे वर्षं होताहेत आणि इतिहासाचं पुस्तक माझ्या गळ्यात पडलंय. निवृत्त मास्तरीण हाताशी असली की गाव तिला सोडतं होय! माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. एक कागद म्हणतो, गाव मठवाल्यांनी वसवलं. दुसरा म्हणतो, कोळी आधीपासून होतेच. पाद्रीबुवा तर म्हणाले, "साडेसातशे कसली? सातशे बावीस! पण बिअरचा मांडव सांगून झालाय, आता गप्प बसा."

त्या मानाने पूर सोपे. पाणी कुठवर आलं त्याची रेघ दर वेळी वेशीच्या दगडावर कोरलेली, शेजारी साल. मी एकेक रेघ लिहीत गेले आणि अठ्ठावन्नच्या रेघेपाशी अडकले. तिच्याखाली त्या पुरात गेलेल्या गिरणीवाल्या आपोलोनियाआजींचं नाव आहे. तीन आठवडे मी तिथेच आहे.

त्या पानाचे तीन खर्डे झालेत. पहिल्यात गावाच्या जुन्या पुस्तकातलंच आहे: नावाड्याच्या मुलानं पुरात दोर आखूड बांधला, पाणी चढलं तशी होडी जागच्या जागी बुडाली, आणि बेटावरच्या आजींपर्यंत कुणालाच पोचता आलं नाही. दुसऱ्यात नुसतं 'होडी बुडाली'. तुला ठाऊक नसेल, अजूनही कुणाचं काम फसलं की इथे म्हणतात, "झाली लोरेंझची गाठ!" परवा बेकरीतल्या बाईंचा केक करपला, तर त्या स्वतःच म्हणाल्या. मीही हसले. घरी येऊन रडले.

तिसरा खर्डा असा आहे.

त्या सकाळी तू दोर लांब सोडला होतास, चांगला दहा हात. पुरात तसाच सोडायचा, हे बाबांनी आपल्याला चालायला लागायच्या आधीच शिकवलं होतं. पण होडी घाटाच्या दगडांवर आपटत होती, तिचा नवा हिरवा रंग खरवडत होता. मला बघवेना. मी दोर ओढला आणि खांबाला अगदी जवळ बांधला. दोन गाठी मारल्या. 'मी नऊ वर्षांची होते' असं लिहिलं होतं, ते खोडलं. नावाड्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं.

बाबांनी घाटावर सगळ्यांदेखत तुझ्या थोबाडीत मारली. तू म्हणालास, "मी लांब सोडला होता." मग माझ्याकडे पाहिलंस आणि पुढे बोललाच नाहीस. तुला कळलं होतं का रे? की नुसतंच पाहिलंस? कळलं होतं तर गप्प का राहिलास? एकसष्ट वर्षं मी हेच घोळवतेय आणि मला काही म्हणता काही उमगत नाही. बाबांच्या मातीला तू आला नाहीस, तेव्हा गावाबरोबर मीही तुला नावं ठेवली, हेही सांगून टाकते.

कधी वाटतं, मीच हे मनानं रचलंय. पण पाणी ओसरल्यावर बाबांनी दोर कापला तेव्हा खांबावर गाठी दोन होत्या. तू कधीच दोन मारत नव्हतास.

काल हा खर्डा नगराध्यक्षांना दाखवला. म्हणाले, "अहो रोझविताबाई, गावाचा वाढदिवस आहे. इतिहास लिहा, कबुलीजबाब कशाला?" पण शुक्रवारी छापखान्यात तिसराच खर्डा जाणार आहे, माझ्या नावासकट. पुस्तकाआधी तुला कळावं म्हणून हे पत्र.

ये असं म्हणायचा मला हक्क नाही. आलास तर घाटावरचा खांब अजून आहे.

दोन गाठी मारणारी,
तुझी बहीण
रोझविता