चांगदेव, २०००–२०२५

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून लढाई. बेलापूरच्या आमच्या जाहिरात एजन्सीत क्रिएटिव्ह हेडची खुर्ची रिकामी झाली आहे आणि तिच्यावर माझा नैसर्गिक हक्क आहे. मालकीण प्राप्ती मॅडम म्हणाल्या, केतन, भाषणं खूप झाली, एक तरी कॅम्पेन स्वतःच्या जिवावर उभं करून दाखवा. मी म्हणालो, जगातला प्रत्येक बदल आधी भाषणच होता. त्यांनी फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

इतिहासासाठी नोंद: सोळाव्या वर्षी मी पेणच्या ग्राफिटी टोळीचा नेता होतो. काळी हूडी, तोंडाला रुमाल, हातात स्प्रे. मांडव्याच्या वाटेवरची एकही भिंत सोडली नाही. टोळीत मी आणि नबील. नबील पुढे कतारला गेला. मी नेता राहिलो. बाजारासाठी एक रेघ ओढणार नाही ही तेव्हाची शपथ अजून शाबूत आहे. मध्ये काही वर्षं साबणाची वेष्टनं केली, ती व्यवस्था आतून पोखरण्यासाठी.

५ नोव्हेंबर
क्लायंट मिळाला. चांगदेवमामा. त्याच्या ट्रेलरच्या धंद्याला पंचवीस वर्षं झाली. तेवीस तारखेला मैदानात जेवण आणि त्याआधी वडखळ नाक्यावर बॅनर. मामा म्हणाला, भाच्या, बॅनर झक्कास पायजे, गावातला एक मानूस सुटला न्हाय पायजे. म्हणजे तेच. शुभेच्छुकांच्या रांगा, पासपोर्ट फोटोएवढी तोंडं, मोरपिशी बॉर्डर. कोणाचं तोंड कोणाच्या शेजारी, यावरून आमच्याकडे भावकीत वर्षभर बोलणं बंद होतं.

मी त्याला मोकळ्या जागेचं तत्त्वज्ञान समजावलं. मामा तेव्हा फोनवर ड्रायव्हरला शिव्या घालत होता. मला एकही घातली नाही. संमती.

९ नोव्हेंबर
डिझाइन पूर्ण. पांढराशुभ्र पट. मधोमध मामाचा एकच फोटो, कृष्णधवल, नजर दूर क्षितिजावर. खाली: चांगदेव. त्याखाली: २०००–२०२५. बस. कंपनीचं नाव नाही, ट्रेलर नाही. गुलाम मनांना ही शांतता सोसणार नाही. न सोसो.

आईला दाखवलं. ती मामाची सख्खी बहीण, पण डिझाइनमधलं तिला कळत नाही. बघताच पदर तोंडाला लावला, म्हणाली, दादाला काय झालं रं? काही नाही म्हणालो. म्हणाली, मंग असा कसा दिसतो?
नोंद: भावनिक परिणाम प्रचंड.

१८ नोव्हेंबर
प्रिंटिंगवाल्या रफिकभाईकडे गेलो. फाइल उघडताच त्याने दुकानातलं गाणं बंद केलं. पाणी दिलं. हळू आवाजात म्हणाला, कोपऱ्यात दोन समया टाकू का केतनभाय, अशा बॅनरला आपण टाकतो. मी ठाम नकार दिला. सजावट ही शत्रू. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, आणि असल्या कामाला मी थांबवून ठेवत नाय, बाकीचे वाढदिवस मागे राहतील.
याला म्हणतात व्यावसायिक आदर.

२० नोव्हेंबर, सकाळी
बॅनर लागला. मामा कालपासून कामाला दिघीला गेला आहे, आता फोन लागत नाही. पहिलं दर्शन जनतेला.
लोक थांबतात. बघतात. एकाने हात जोडले. वडखळ नाक्यावर ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढलेला कधी कोणी पाहिला होता? आज मी पाहिला.

दुपारी
मामाच्या सगळ्या ट्रेलरनी काम बंद ठेवलं. उत्स्फूर्त. घरासमोर चपलांचा ढीग. मामी बोंबील तळत होती. तिच्या थोरल्या बहिणीने येऊन कढई काढून घेतली, म्हणाली, चूल इझव गो, सुतक हाय. मामी म्हणाली, आवं, सकाळी फोनवर बोलले ना माज्याशी, येताना सुके जवळे आनतो बोलले. बहीण सगळ्यांना म्हणाली, धक्का बसलाय तिला. मग जास्तच रडारड झाली.
लोकांना नव्या दृश्यभाषेची सवय नाही, असा माझा अंदाज.

संध्याकाळी
मामा आला. गाडीतून उतरला, गर्दी पाहिली, टोपी काढली आणि शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला. थोड्या वेळाने शेजारच्या धर्माजीला हळूच विचारलं, कोन गेलं?
धर्माजी चपला टाकून पळाला.

पुढचं विस्ताराने लिहीत नाही. मामा मला एवढंच म्हणाला (बाकीचं माझ्या वडिलांविषयी होतं), मारलास तो मारलास, पन पंचवीस वर्सांचा?

२१ नोव्हेंबर
प्राप्ती मॅडमना अहवाल पाठवला. लोक ढसाढसा रडले. वाहतूक थांबली. पाहुणे अलिबागहून आले. एका बॅनरने हे घडवलेलं दाखवा!
उत्तर आलं. क्रिएटिव्ह हेड मृणाली. ती माझ्या हाताखाली तयार झाली, वायफायचा पासवर्ड मीच दिला होता. आणि मी सोमवारी आलो नाही तरी चालेल.
ताबडतोब राजीनामा दिला. विचार त्यांच्या आधीपासून माझाच होता.

२३ नोव्हेंबर
मामाचं जेवण. नाक्यावर रफिकभाईचा नवा बॅनर. सगळं गाव आहे, अगदी धर्माजीसुद्धा, मोठ्या आकारात. मी नाही. भिंतीवर लिहिणाऱ्याला तोंड नसतं, हे मी सोळाव्या वर्षीच ठरवलं होतं. तीनदा शोधलं, केवळ खात्रीसाठी.

३० नोव्हेंबर
रफिकभाईचा फोन. लोक मागतायत म्हणाला, आमच्या बापाला चांगदेवशेठसारखा बॅनर करा, तसा कोणाचाच झाला नाय. दुकानात बसाल का?
मी अट घातली: कार्डावर 'क्रिएटिव्ह हेड'. तो म्हणाला, लिहा की, काय पण लिहा. विभाग श्रद्धांजलीचा आहे. असू दे. मृत्यूपुढे बाजार नमतो. पहिलं धोरण जाहीर केलं: कृष्णधवल, एकच फोटो, तडजोड नाही.

२ डिसेंबर
पहिलं काम. ठमाबाई, किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती मारणाऱ्याची विधवा. म्हणाली, माजा धनी जिता असताना कदी काला-पांढरा व्हता का? रंगीत कर. आनि खाली शोकाकुलांत आमच्या बैलाचा फोटू टाक. रॉकेट त्याचं नाव.
मी उभा राहिलो. मोकळी जागा, मौन, मृत्यूची प्रतिष्ठा, सगळ्यावर बोललो. आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. रफिकभाईने मशीन बंद करून ऐकलं.
ठमाबाईने डोळे पुसले. म्हणाली, ग्वाड बोलतोस रं बाबा. पोरं तीन दिसांत वाटनी मागाय लागलीत, बैलानं अजून चारा खाल्ला न्हाय. टाक त्याला.
टाकला. रंगीत. शोकाकुलांच्या रांगेत मधोमध, तिच्या तिन्ही मुलांहून मोठा.
मोठा करण्याचा निर्णय संपूर्णपणे माझा होता.