सत्तावीस नंबरची वही

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सरकारी अर्जासाठी बोअरच्या वह्या हव्यात, असं तू दोन ओळींत लिहिलंस. त्या दोन ओळी मला काय भावात पडल्या ते ऐक. माळ्यावर चढताना शिडीची एक पायरी गेली, माझा गुडघा सोलला, तुझी वहिनी धुळीने तीन दिवस शिंकत होती आणि एका उंदराचा भरला संसार उठला. एकतीस वह्या पाठवतोय. माझी तीस वर्षं आहेत त्यांत: शहरात कुठे बोअर मारली, किती फुटांवर माती संपली, खडक कुठे लागला.

बाकीचे बोअरवाले वर आलेला गाळ चिवडत बसतात. मी मशीनशेजारी उभा राहतो आणि कानाने सांगतो. मातीत ती गुणगुणते, मुरमात कुरकुरते, खडक लागला की सासरेबुवांसारखी खाकरते. तुमची भूकंपाची यंत्रं काल आली रे, माझे कान तीस वर्षं चालू आहेत, तेही विजेशिवाय! घरात मात्र ते वाया जातात. तुझी वहिनी हल्ली फार पुटपुटते.

मागणं एकच. अर्जात कुठेतरी कोपऱ्यात माझं नाव घाल. तुझी फी भरायला मी सातवीनंतर शाळा सोडली हे मी कधी काढलं नाही, आताही काढत नाही.

चिमणीला पापा. माया आहेच, ती पत्रागणिक वाढव.

तुझा,
दादा

ता. १९ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अनुदान मंजूर झालं! शंभरावर अर्ज होते, त्यांतले नऊ निवडले. समितीला आवडलं ते हे, की नवी भोकं पाडून जमीन तपासायचा खर्च आपण मागितलाच नाही. नोंदी तयार आहेत, तो पैसा यंत्रांकडे वळवला. खाली मऊ माती जितकी खोल, तितकं भूकंपात वरचं घर जास्त हलतं. तुझ्या वह्यांवरून आता शहराचा नकाशा रंगवायचा: खडक जवळ तिथे हिरवा, माती खोल तिथे लाल.

चिमणी शाळेत सांगत सुटली आहे, की मोठ्या काकांनी शहराच्या पोटात बोट घालून पाहिलंय.

नावाचं म्हणालास, ते अहवालाच्या वेळी नक्की बघू. अर्जाचा नमुना फार ठरावीक असतो.

वहिनीस नमस्कार. पाठीवरचा हात तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. ७ डिसेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझ्या कचेरीत आलो होतो. तू परगावी भाषणाला गेलेला. तुमचा कारकून भला माणूस, पण तोंडातल्या तोंडात बोलतो. मी त्याला तेच तीनदा बोलायला लावलं की त्याने माझं नाव तीनदा विचारलं, कोण जाणे. भाऊ म्हटल्यावर त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि कौतुकाने तुझा अर्ज हातात ठेवला.

पान नऊ. ‘सर्व नोंदी अर्जदाराने स्वतः प्रत्यक्ष पाहणी करून जमवल्या आहेत.’ चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षर तेच.

तू बोअरवर एकदा आला होतास, बाळा. तुझी चप्पल चिखलात रुतली, ती मी काढून दिली आणि तू रिक्षाने घरी गेलास. ती पाहणी धरली असशील तर माझं म्हणणं नाही.

मी तुला पैसे दिले, त्याचं मला कधी वाटलं नाही. पैसे काय, पुन्हा मिळवता येतात. ती तीस वर्षं मात्र एकदाच होती. परक्याने लुबाडलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. तुला कुठली शिवी घालू? घातली तर आपल्याच आईबापाला लागते.

चहा तसाच ठेवून उठलो. वह्या परत पाठव. वहिनीला यातलं सांगितलेलं नाही.

दादा

ता. २२ डिसेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन आठवडाभर फिरतोय. चुकलो. पण समितीपुढे ‘एका बोअरवाल्याच्या वह्या’ असं लिहिलं असतं, तर अर्ज पहिल्याच टेबलावर मेला असता. पदवी नसलेल्याची नोंद ते नोंद मानत नाहीत. तुझी मेहनत वाचवायला तुझं नाव गाळलं, असं मी स्वतःला समजावलं. अजून समजावतोच आहे.

एक ऐक, म्हणजे राग निवळेल. नकाशा पुरा झालाय. बाजारामागच्या मैदानावर पालिकेची चार मजली शाळा व्हायची आहे, आणि त्यांनी नकाशा आमच्याकडूनच मागवला. तुझी सत्तावीस नंबरची वही म्हणते, तिथे अकरा फुटांवर खडक. जागा हिरवी! साध्या पायावर काम महिनाभरात सुरू होईल. चिमणी त्याच शाळेत जाणार. माझा यंत्रांपेक्षा तुझ्या कानांवर जास्त भरवसा आहे, दादा.

वह्या लवकरच पाठवतो. रागावलास तरी तोडू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. २ जानेवारी

चि. धाकट्यास वि. वि.

तुला पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण शाळेचं वाचलं आणि तीन दिवस जेवण गेलं नाही.

काल माझी मशीन घेऊन त्या मैदानावर गेलो. या वेळी खाली बसलो आणि वर येणारा गाळ फुटाफुटाने हातात घेऊन पाहिला. अकराला माती. वीसला माती. खडक लागला तो त्रेचाळीस फुटांवर. नमुने पिशव्यांत भरून ठेवलेत.

आज काम सोडून समितीला आणि पालिकेला लेखी कळव: पाया थांबवा, नकाशा चुकला आहे. एकोणीस नंबरच्या वहीपासून पुढच्या एकाही आकड्यावर विसंबू नकोस. ते मी शेजारच्या बोअरवरून, अंदाजपंचे लिहिले आहेत. का, ते शेवटी लिहितो, आधी काम.

चुकीची नोंद कोणी केली, असं विचारतील. अर्जात तुझं नाव आहे, माझं कुठेच नाही. हे सुचलं तेव्हा मला आधी हसू आलं, लपवत नाही. गप्प बसलो असतो तर फिटंफाट झाली असती. पण त्या जमिनीवर बाकावर बसणार चिमणी, तू नव्हे.

तू मला फसवलंस, ते फसवलंसच. त्यात सूट नाही. पण मीही तुला जे कौतुकाने पाठवलं ते खोटं होतं, आणि पाठवताना मला ते ठाऊक होतं. वाटलं, सरकारी कागद, कोण त्यावर भिंत बांधतंय?

आता माझं नाव घाल. चुकीपुढे घाल. मी समितीसमोर येऊन उभा राहीन. त्यांना मोठ्याने बोलायला सांग.

दादा

ता. क. कानाच्या डॉक्टरचा जुना कागद सोबत जोडला आहे. डावा कान बारा वर्षांपासून बंद आहे. उजव्याने निम्मंच ऐकू येतं.