बाबांकडून आलेला आकडा

आई,

माझ्या रक्ताच्या नळीवरचं लेबल जरा तिरकं लागलं होतं, म्हणून आधी वाटलं, नमुने बदलले असतील. आमच्या लॅबमध्ये आलेल्या नव्या तपासणीसाठी मी आपल्या दोघींचं रक्त दिलं होतं. लिपोप्रोटीन-ए नावाचं हे प्रथिन जास्त असेल तर हृदयाच्या धमन्या लवकर अरुंद होतात. ते तिसाच्या आत हवं. तुझं आलं नऊ, माझं एकशे अठरा. पुन्हा रक्त काढलं, तरी तेच.

हे पथ्यानं उतरत नाही की संतापानं चढत नाही. जन्मतःच आईवडिलांकडून येतं. तुझ्याकडून नाही, म्हणजे बाबांकडून. दादाशी भांडताना त्यांना झटका आला आणि ते गेले खरे, पण त्यांच्या धमन्या त्या भांडणाच्या कितीतरी वर्षं आधीपासून भरत आल्या असणार. आणि "तूच बापाला गिळलंस" म्हणत आपण सात वर्षं दादाला उंबरठा चढू दिला नाही. तू बोललीस, मी गप्प बसले.

दादाची चाळिशी आली. त्याच्याही रक्तात हे असू शकतं आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नाही.

तुझी गोळी जेवणाआधी घे. जेवायला थांबू नकोस. तू काहीही म्हण, मी दादाला घरी घेऊन येते आहे.