उतरण्याआधी दोन किलोमीटर

गाळणीखालचा डबा अर्धा भरला आहे. तो भरेपर्यंत हे लिहून होईल.

मी, संध्या विनायक गायधनी, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार दिंडोरी, जिल्हा नाशिक, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाचे दडपण नाही, आणि याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. उद्या नाशिकला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर निश्चिंत आहेत. मीही आहे. तरी कागद केलेला बरा.

१. राहते घर मुलगा ललित याला. बँकेतली ठेव नात तेजस्विनीला. तिने तिला हवे ते करावे. पुस्तके शाळेला. अटी मी एकाच वस्तूसाठी राखून ठेवल्या आहेत.

२. तेलाचे रिकामे डबे चतुराबाईंचेच, ते त्यांना परत. बसस्थानकासमोर त्या भजी तळतात. नऊ वर्षे त्यांच्या कढईत उरलेले तेल गाळून मी माझी डिझेल जीप चालवते. जीप गेली की मागे भज्यांचा वास राहतो. एकादशीला शेजारच्या मीनाताई मला पाहून खिडकी लावतात. कांद्याचा वास उपासाला चालत नाही म्हणे. वासाने उपास मोडत नाही, हे येथे नोंदवते.

३. तेल मी यजमानांच्या धोतरांतून गाळते. ते असते तर त्यांनी हरकत घेतली नसती. त्यांनाही भजी आवडत. सहा धोतरे संपली. सातवे कोरे आहे. ते अन्सार मेकॅनिकला. सातवीत कविता पाठ नसली की मी त्याला बाकावर उभे करी. जीपला तेलाची दुसरी टाकी बसवताना त्याने मला स्टुलावर उभे केले. "बाई, पाना धरा. हलायचं नाय. लक्ष खिडकीबाहेर नको, तुम्हीच म्हणायच्या."

४. भाऊ मनोज याला फडताळातली काचेची बरणी. त्याच्या मुलीच्या लग्नाचे रुखवत घेऊन मी डिसेंबरात सायखेड्याला निघाले होते. पामतेल थंडीत तुपासारखे गोठते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. रुखवत पोचले तेव्हा शेवटची पंगत उठत होती. मनोज अजून प्रत्येक कार्यात विचारतो, "ताई, गाडी आणलीस, की वितळतेय अजून?" त्या दिवशीचे तेल बरणीत आहे. दर थंडीत गोठते. त्याने ते पाहावे आणि दुसरा विनोद शोधावा.

५. जीप. ती डिझेलवर सुरू करायची. इंजिन तापले की कळ फिरवून तेलावर घ्यायची. थांबण्याआधी दोन किलोमीटर पुन्हा डिझेलवर आणायची. नाहीतर तेल नळ्यांत राहते आणि थंडीत सकाळी जीप हलत नाही. ही शेवटची पायरी ललित नेहमी विसरतो. मग म्हणतो, "आई, भंगारात दे ना. नवी घेऊ."

जीप भंगारात जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. ती ललितला देते. अट त्या दोन किलोमीटरची. विसरला तर जीप अन्सारची. विसरला की नाही हे नळ्या सांगतील.

अन्सारला साक्षीदार हो म्हटले. तो म्हणाला, "नको बाई. ज्याला मिळणार त्याने सही करू नये म्हणतात. आन ललितभाऊ विसरणार, हे नक्की हाय."

वरील मजकूर माझ्या हाताने लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला आणि सही केली. डबा भरला आहे.

संध्या विनायक गायधनी

साक्षीदार:
१. मीना वडजे (खिडकीबाबतचा मजकूर मान्य नाही. सही मान्य.)
२. चतुराबाई गांगुर्डे

दिंडोरी, १२ डिसेंबर २०२४

ता. १३, सकाळ. ही नोंद मृत्युपत्राचा भाग नाही. बरणीतले तेल पांढरे झाले होते. ललित त्याची कार आणतो म्हणाला. मी जीपमध्ये जाऊन बसले. त्याने ती चालवली. वाटेत मी कळीबद्दल काही बोलले नाही. म्हसरूळ मागे पडल्यावर, तेजस्विनीच्या परीक्षेचे सांगता सांगता, त्याने कळ डिझेलवर फिरवली. तेथून दवाखाना दोन किलोमीटर आहे.