पानामागचे ठिपके

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला घेतलं होतं. दोन कागद फाडले, आता खरं तेच लिहितो. वाचताना जवळ पाणी ठेव.

आई खोकल्यावर ज्याचा काढा द्यायची त्या नेच्याची एकच कुंडी उरली आहे, तिला जिवापाड जप, असं तू लेकीकडे जाताना चारदा बजावलंस. मी इतकं जपलं की मंगळवारी पानं उलटून बघितली. मागे तपकिरी ठिपके! मला वाटलं, कीड. जन्मभर नकाशे काढलेला माणूस मी. आधी एका पानाच्या मागच्या बाजूचं चित्र काढलं, ठिपका न् ठिपका मोजून. मग दात घासायचा जुना ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन पाच तास बसलो. एक ठिपका ठेवला नाही. पाठ धरली, तरी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पुन्हा कीड येऊ नये म्हणून फवारा आणायला रोपवाल्याकडे गेलो, चित्र दाखवलं. तो पोट धरून हसला. नेच्याला फूल नाही, फळ नाही, ते ठिपके म्हणजेच त्याचं बी, असं म्हणाला. म्हणजे ज्यातून तुला नवी रोपं करायची होती ते मी मोरीत सोडलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात. माझी नाठायला मुळात होती कुठे!

चित्र सोबत पाठवतो. ताई, फार वाईट वाटतंय गं. रागाव, पण बोलणं टाकू नकोस. लोभ कालपर्यंत होता तेवढाच ठेव.

तुझा
अतिशहाणा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र लेकीने वाचून दाखवलं. ती हसत होती आणि मी मनातल्या मनात तुला ठेवणीतल्या शिव्या देत होते. मग चित्र भिंगाखाली धरलं आणि शिव्या परत घेतल्या.

ठिपके तू मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना काढलेस. आईच्या नेच्याचे ठिपके पानाच्या काठाला असतात. तू चुकलास म्हणावं, तर तू पानाचे दातेसुद्धा मोजतोस. म्हणजे कुंडीतला नेचा भलताच आहे, आणि दोन वर्षं मी लोकांना त्याचाच काढा देते आहे! वर सगळे म्हणतात, ताई, तुमच्या हाताला गुण आहे. गुण कसला, कप्पाळ! खोकला आपणहून जात होता, मिरवत मी होते. कुणाला अपाय झाला नाही हे नशीब.

आता खरं सांगते. मी इथे विश्रांतीला नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आले. दोन वर्षं अंधुक दिसतंय, कुणाला कळू दिलं नाही. गेलेली नजर परत येणार नाही म्हणतात. औषध देणं आता बंद. न दिसता भलतंच रोप जपत बसले, आईचा नेचा माझ्याच हातून गेला रे, तुला काय रागावू?

माया आहे, ती भिंगाशिवाय दिसेल.

तुझी
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळताच घरातल्या झाडून सगळ्या कुंड्यांची पानं उलटली. फक्त कोलांटउडी मारायची राहिली. नळामागे एक किडकिडीत नेचा आहे, त्यावर मी महिनाभर पायपुसणं वाळत घालत होतो. त्याचे ठिपके काठाला आहेत! चित्र पाठवतो, तोच का ते सांग. ब्रश फेकून दिलाय, शपथ.

औषध बंद कर हवं तर, पण घरी ये. मला कळत नाही, तुला दिसत नाही. तू सांगत जा, मी बघत जाईन. दोघांत मिळून एक शहाणं माणूस होईल की.

वाट बघतो.

तुझा
धाकटा