विष्णूचा फॉल्ट

१२ जून १९६८
परत आली ती! आठवड्यात तिसऱ्यांदा. सीता — आमच्या बनारसच्या वीज कचेरीतला लाइनमन विष्णू गेल्या महिन्यात बालाजी घाटामागच्या गल्लीत शॉक लागून खांबावरच गेला, त्याची बायको. त्याच्या जागी नोकरी मागतेय. मिळणार नाही. चौकशीच्या कागदावर स्वच्छ हिंदीत लिहिलंय — ‘कारण : विष्णु का दोष’.
आज म्हणाली, नोकरी राहू दे. “बाबूजी, पूरा मोहल्ला कहता है अपनी गलती से मरा. बस इतना कटवा दीजिए.”
मी साधा अनुवादक. मी काय कटवणार!

१३ जून
बडे बाबूंकडे, म्हणजे आमच्या हेडक्लार्ककडे, मूळ इंग्रजी अहवाल मागितला. “कागज में जो है सो है.” डोकं आपटावं कुठेतरी!

१५ जून
मिळाला! इंजिनियरने लिहिलंय — ‘फॉल्ट इन विष्णूज सेक्शन’. अरे, म्हणजे विष्णूकडे जो भाग होता तिथल्या तारेत बिघाड! माणसाचा काय संबंध?
कोणा शहाण्याने ‘सेक्शन’ गाळला आणि बिघाडाचा दोष केला. वेणीमाधवच असणार. अनुवाद करणारे आम्ही दोघेच, आणि त्याचं सगळं लक्ष पानाच्या ठेल्याकडे.

१६ जून, रविवार
मेहुणा ढुंढिराज जेवायला. इथल्या युनिव्हर्सिटीत भूगर्भशास्त्र शिकवतो. म्हणाला, “आमच्यात फॉल्ट म्हणजे खडक तुटून सरकलेली जागा.” टेनिसमध्ये सर्व्हिस जाळ्यात गेली तरी फॉल्टच म्हणे. इंदू वाढता वाढता म्हणाली, “आणि या घरात फॉल्ट म्हणजे मी.”
दोघं बहीणभाऊ हसले. मला नाही हसू आलं. खडकाला चालतो, चेंडूला चालतो — विष्णूलाच बरा नडला!

१८ जून
बडे बाबूंशी भांडलो. “फॉल्ट माने दोष. कोश देख लीजिए.”
“कोश में खराबी भी लिखा है!” — ओरडलोच.
शेवटी म्हणाले, लेखी द्या. कागद दुरुस्त होईल, पण ज्याने अनुवाद केला त्याच्यावर कारवाईही होईल. होऊ दे! तिथेच बसून लिहिलं — असा निष्काळजी माणूस या जागेवर राहण्यास लायक नाही.
वेणीमाधवने चहा पुढे केला. घेतला नाही.

२० जून
अनुवादाचा मसुदा सापडला. खाली सही माझी. १७ मे. त्या दिवशी छत्तीस कागद उरकले होते. हा आठवतसुद्धा नाही.
“अर्जी वापस ले लीजिए,” बडे बाबू हळूच म्हणाले. नाही घेतली.
सीता बाहेर बाकावर होती. समोर जाऊन उभा राहिलो. “बाई, माझं चुकलं” — मराठीतच निघालं तोंडातून. “क्या कहा, बाबूजी?” तिने विचारलं.
मग हिंदीत सांगितलं.