पप्पा, ट्रिगर इतका हलका का केलात?

प्रिय पप्पा,

गेल्या रविवारी शौकतकाका घरी आले आणि तुमची काळी बॅग देऊन गेले, म्हणून हे लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. इतके दिवस ती बॅग द्रोणागिरीला, त्यांच्या पेंटबॉलच्या मैदानावरच पडून होती. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ते आले होते. मागच्या रांगेत बसले, कुणाशी बोलले नाहीत आणि बॅगेचं नावही काढलं नाही. का नाही काढलं? माझ्या डोक्यात किडा वळवळला तो तिथेच.

आई चहा टाकायला आत गेली आणि मी चेन उघडली. पप्पा, आतला मार्कर आपला नव्हता!

मी त्याला बंदूक म्हटलं की तुम्ही चिडायचात. "रंगाच्या गोळ्या मारतो तो. मार्कर म्हण." आमच्या ऑफिसची सहल त्या मैदानावर गेली, घरच्यांना आणायची परवानगी होती, आणि महाप्याच्या कारखान्यातून रिटायर झालेला फिटर त्या खेळाच्या असा प्रेमात पडला की पुढचे सगळे रविवार तिकडेच. तुमचा स्वतःचा मार्कर निवडायला आपण दोघंच गेलो होतो, आठवतं? शौकतकाकांनी टेबलावर तीन वापरलेले मार्कर मांडले. मी चकचकीत निळा उचलला. तुम्ही बॅरल काढून तिच्या तोंडात गोळी ठेवलीत. गोळी आपली आपण घरंगळत बाहेर आली.

"ढिली आहे. हवा बाजूनं निसटणार, नेम कसला लागतोय!"

तिसऱ्याच्या बॅरलमधली गोळी मात्र बारीक फुंकर मारल्यावरच सुटली. तो घेतलात. लांब बॅरल, कडक ट्रिगर. काका म्हणाले, पुढे वेगळे पार्ट लावता येतील. तुम्ही हसलात. "मी याला एक स्क्रूसुद्धा वाढवणार नाही. आहे तो बरा आहे."

आणि आता बॅगेत काय? बॅरल आखूड. ट्रिगर दोन बोटं मावतील असा रुंद, मुठीत बॅटरी. हवेची टाकी मार्करवरून काढून कमरेच्या पट्ट्यात, आणि मधे लांब नळी.

माझं कामच संशयाचं. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर विम्याचे क्लेम तपासते मी. मला वाटलं, आपले चांगले भाग काढून घेतले आणि कुठले तरी जोडून हा आमच्या माथी मारला. गेलेल्या माणसाचा मार्कर उघडून कोण बघणार?

"काका, हा आमचा नाही."

त्यांनी मार्करकडे बोट केलं. "तुमचाच हाय ताई. बॉडीवरचा नंबर बघ."

नंबर माझ्या मोबाइलमधल्या, घेताना काढलेल्या फोटोशी जुळला. तरी मी सोडते का! "मग बाकीचं?"

"भाऊंनीच बदललं. एकेक करून. मी नुसतं मागवून दिलं."

"पप्पा एक स्क्रू वाढवणार नव्हते. तुमच्यासमोर म्हणाले होते."

"हो, म्हनले होते." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "शनवारी मैदानावर ये. हितं नको."

हितं का नको? आठवडाभर मला हेच खात होतं. तुम्ही त्यांच्याकडून कसली मदत घेतली होती? आमच्यापासून काय लपवत होतात?

काल सकाळी स्कूटर काढली. कंटेनरच्या ट्रेलरमधून वाट काढत पोहोचले. काकांनी टाकीत हवा भरली, पट्टा माझ्या कमरेला बांधला, मार्कर हातात दिला. काय हलका होता, पप्पा! मी नेम धरत होते, ट्रिगरवर नुसतं बोट टेकलं आणि गोळी सुटली. समोरच्या वाळूत पिवळा डाग.

"ट्रिगर इतका हलका कशाला?"

काका सांगू लागले. पावसाळा संपल्यावर एका सकाळी खेळता खेळता तुमच्या हातातून मार्कर गळून पडला. तोंड वाकडं झालं, शब्द अडकले. पंधरा मिनिटांनी सगळं ठीक, तुम्ही हसायलाही लागलात. पण उजव्या बोटांत जोर आलाच नाही. कडक ट्रिगर ओढवेना, म्हणून तो बदलला. मग खांदा भरून यायला लागला, टाकी कमरेला गेली. मग मनगट पुढच्या वजनानं खाली जायचं, म्हणून बॅरल आखूड.

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?" मी ओरडलेच.

"भाऊ बोलले, घरी म्हायत हाय. डॉक्टरला दाखवलं, गोळ्या चालू हायत." मग हळूच त्यांनी विचारलं, "चालू होत्या ना, ताई?"

मी नकारार्थी मान हलवली. तुम्हाला पक्षाघाताचा झटका आला त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, याआधी असं कधी झालं होतं? आणि मी, दुसऱ्यांच्या फायलींतलं खोटं शोधून काढणारी, ठामपणे म्हणाले होते, नाही. कधीच नाही.

माझा चेहरा पाहून काका खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, घरच्यांनीच हयगय केली. म्हनून बॅग द्यायला पाय उचलत नव्हता. राग होता माझा तुमच्यावर."

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि ते आमच्यावर! आणि दोघांना फसवणारा माणूस इथे भिंतीवरच्या फोटोत हसतोय.

पप्पा, हे काय केलंत? कशासाठी? आई रविवार बंद करेल म्हणून? केलाच असता! मी स्वतः स्कूटरची चावी लपवली असती. तुम्ही धुसफुसत घरात बसला असतात, पण बसला असतात ना? कदाचित. हे 'कदाचित' आता मी कुठे ठेवू?

माझाही राग येतो मला. स्टीलचा ग्लास तुमच्या हातून दोनदा सुटला. "साबण लागला होता," म्हणालात. शब्द जड यायला लागले, तर मला वाटलं तुम्ही प्यायला लागलात. तुमच्या पाण्याच्या बाटलीचा वास घेऊन पाहिला मी, पप्पा! घरात सगळ्यात जास्त संशय मीच घेतला आणि नेमका चुकीचा घेतला.

काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "आपन दोघंबी माफ." मला नाही वाटत इतकं सोपं आहे.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे. शेवटची काडी संपल्यावर म्हणाली, "शर्टाची बटणं माझ्याकडून लावून घ्यायचे. मला वाटायचं, म्हातारपणी लाडात आलेत."

मग उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

पप्पा, एक सांगायचं राहिलं. आई हल्ली जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबते. पिशवी खाली ठेवते आणि शेजारच्या दारावरची नावाची पाटी वाचल्यासारखं करते. विचारलं की म्हणते, "काही नाही गं." तुमच्या तोंडून हेच ऐकत आले मी, आणि मानत आले.

गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. नको म्हणतेय, गुडघ्यावर ढकलतेय. मी अर्धी रजा टाकलीय. तिच्यासोबत आत जाणार, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर तिनं "काही नाही" म्हटलं, तर मी बोलणार. सगळं सांगणार, तिला कितीही राग आला तरी. हे वचन तुम्हाला.

तुमच्यावर अजून रागावलेली,
सुजाता